निकरवरचा फिकट पट्टा: अंगावरून पांढरं जातं तेव्हा

गडद रंगाची निकर काही महिने वापरली की मधल्या भागावर फिकट, तांबूस-पिवळट पट्टा दिसू लागतो. भिजत घाला, घासा, साबण बदला, तो हलत नाही. हलणार कसा? तो डाग नाहीच, तिथल्या कापडाचा रंग उडालेला आहे. योनिमार्गातला स्राव आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ३.८ ते ४.५ असतो आणि रोज थोडं थोडं ते आम्ल कापडाच्या रंगावर काम करत राहतं. निकर वाया गेली म्हणून हळहळणं ठीक आहे, पण त्या पट्ट्याला घाबरण्याचं काही कारण नाही. आत आम्ल तयार होतंय, एवढंच तो सांगतो, आणि ते तयार व्हायलाच हवं.

वयात आल्यावर इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनिमार्गाचं अस्तर जाड होतं आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठते. या पेशी रोज गळतात, त्यांच्या जागी नव्या येतात. गळालेल्या पेशींतल्या साखरेवर लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल बनवतात. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडर्लाइन यांनी १८९२ साली या जिवाणूंचं वर्णन केलं, म्हणून जुन्या पुस्तकांत त्यांना डोडर्लाइनचे जिवाणू म्हटलेलं आढळतं. या आम्लात बाहेरून आलेल्या बऱ्याच जंतूंचा निभाव लागत नाही. अंगावरून जाण्याच्या तक्रारींत काय बिघडलं हे समजून घ्यायचं तर हे आम्ल कुठे टिकलं आणि कुठे कमी झालं, तिथपासून सुरुवात करावी.

आता जे बाहेर येतं ते काय? गर्भपिशवीच्या तोंडातल्या ग्रंथींचा चिकट स्राव, योनिमार्गाच्या भिंतींतून पाझरणारं पाणी, गळालेल्या पेशी आणि ते जिवाणू. पाळी चालू असण्याच्या वयात दिवसाला साधारण १ ते ४ मिलिलिटर, म्हणजे चहाचा चमचा भरणार नाही इतकं. काहींना याहून जास्त जातं आणि तरी काही बिघडलेलं नसतं. रंग पारदर्शक ते दुधट. वास नाही, किंवा हलका आंबूस. मात्र हवा लागून वाळलं की हेच पांढरं पिवळसर दिसतं. संध्याकाळी निकर काढल्यावर दिसणाऱ्या पिवळ्या रंगावरून 'पिवळं जातंय' असं ठरवू नका. रंग बघायचा तर ताज्या स्रावाचा बघा.

पांढरं जाण्याने हाडं झिजतात, ताकद जाते, हा समज काही केल्या मरत नाही. चमचाभरही नसलेल्या, बहुतांश पाणी असलेल्या स्रावातून ताकद जाणार ती कुठून? अशक्तपणा असेल तर हिमोग्लोबिन तपासा, थायरॉइड तपासा, झोप किती होते ते बघा. त्याचं खापर पांढऱ्यावर फोडलं की खरं कारण बाजूला राहतं.

महिन्याभरात पांढरं कसं बदलतं

पाळी थांबल्यावर दोन-चार दिवस कोरडे जातात. मग थोडं चिकट, मग मलईसारखं दाट पांढरं येऊ लागतं. बीज बाहेर पडायच्या सुमाराला, म्हणजे पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, इस्ट्रोजेन शिखरावर असतं आणि स्राव एकदम पातळ, पारदर्शक, बुळबुळीत होतो. अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूहळू दूर नेली तर न तुटता त्याची तार येते, कधी ८-१० सेंटीमीटरपर्यंत. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तो दिसतो. शुक्रजंतूंना वर चढायला हाच स्राव वाट करून देतो, त्यामुळे मूल हवं असणाऱ्यांना हे दिवस ओळखता आलेले बरे. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक वाढतं, स्राव घट्ट आणि कमी होतो, तार येत नाही. पाळीच्या आधी एक-दोन दिवस पुन्हा थोडा वाढतो, तपकिरी झाकही येते.

दोन-तीन महिने हे नुसतं बघत राहिलं तरी आपलं नेहमीचं काय ते कळतं. दुसरीचं नेहमीचं तुमचं नसतं, म्हणून मैत्रिणीशी तुलना करण्यात अर्थ नाही. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर हा चढउतार जवळजवळ दिसत नाही. तांबी बसवल्यावर काहींना स्राव वाढल्याचं जाणवतं.

वयाप्रमाणेही चित्र बदलतं. नवजात मुलीच्या अंगावरून पहिल्या आठवड्यात दाट पांढरं, कधी रक्ताचा एखादा ठिपकाही जातो. आईच्या शरीरातून आलेलं इस्ट्रोजेन ओसरत असतं, ते आपोआप थांबतं. पहिली पाळी येण्याच्या सहा महिने ते वर्षभर आधी मुलींना पांढरं जायला लागतं. मुलगी घाबरायच्या आत तिला हे सांगून ठेवलेलं बरं. त्याहून लहान मुलीला मात्र स्राव येत असेल तर मोठ्यांचे निकष लावू नयेत. त्या वयात आतलं वातावरण आम्लधर्मी नसतं आणि बुरशीचा संसर्ग सहसा होत नाही. कारण बहुधा साबणाची चुरचुर, शी पुसण्याची चुकीची पद्धत, रात्री खाजवायला लावणारे कृमी किंवा आत अडकलेला कागदाचा बोळा असं असतं. घाण वासाचा, रक्तमिश्रित स्राव आत काहीतरी अडकल्याचं सुचवतो. लैंगिक अत्याचाराची शक्यताही डॉक्टरांना तपासावी लागते, तेव्हा त्या प्रश्नांचा राग मानू नये.

गरोदरपणात पांढरं वाढतं, ते नेहमीचंच आहे. तिथे फरक ओळखायचा तो गर्भजल आणि स्राव यांत. गर्भजल पाण्यासारखं पातळ असतं, हालचाल केली की पुन्हा गळतं, आवरता येत नाही. कोरडं पॅड लावून अर्धा तास थांबा. पॅड पाण्याने ओलं झालं तर लगेच दवाखाना. पाणी हिरवट किंवा रक्ताळलेलं असेल तर पॅडची परीक्षाही करत बसू नका. बाळंतपणानंतर पहिले तीन-चार दिवस लाल, मग दहाव्या दिवसापर्यंत गुलाबी-तपकिरी, पुढे पिवळट-पांढरं असं साधारण चार ते सहा आठवडे जातं. त्याला घाण वास आला, ताप भरला किंवा तासाभरात अख्खं पॅड भिजलं तर थांबू नये.

बिघडतं ते कसं

सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. त्यात बाहेरून कुणी हल्ला करतोच असं नाही. लॅक्टोबॅसिलस कमी होतात, आम्ल कमी होतं, पीएच ४.५ च्या वर जातो आणि गार्डनेरेला व ऑक्सिजनविना वाढणारे इतर जंतू माजतात. स्राव पातळ, राखाडी-पांढरा, भिंतींना सारखा चिकटलेला. खाज नाही किंवा नगण्य. वास मात्र मासळीसारखा, आणि तो नेमका शरीरसंबंधानंतर किंवा पाळीच्या दिवसांत उग्र होतो. त्याचं कारण साधं आहे. हे जंतू अमाइन नावाची द्रव्यं तयार करतात. वीर्य आणि रक्त दोन्ही अल्कधर्मी असतात. त्यांची गाठ पडली की ही द्रव्यं वायुरूपात सुटतात. तपासणीत स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून हाच वास मुद्दाम काढतात. निदानासाठी १९८३ पासून वापरात असलेल्या आमसेलच्या निकषांत चार गोष्टी आहेत: तसा स्राव, ४.५ च्या वरचा पीएच, थेंब टाकल्यावरचा वास आणि सूक्ष्मदर्शकाखाली जंतूंनी कडा झाकोळलेल्या पेशी. चारांपैकी तीन जुळल्या की निदान पक्कं.

वास आला की बहुतेक जणी आतून धुवायला लागतात आणि इथेच फसतात. आतून धुतल्याने उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही वाहून जातात, आम्ल आणखी कमी होतं, चार दिवसांनी वास दुपटीने परत येतो. मग अजून धुणं. योनिमार्ग स्वतःला धुतो, पांढरं जाणं म्हणजेच ते धुणं. आत पाणी, साबण, जंतुनाशक, सुगंधी वॉश, वाफ, काहीही न्यायचं नाही. बाहेरची त्वचा नुसत्या पाण्याने किंवा बिनवासाच्या सौम्य क्लेन्झरने दिवसातून एकदा धुतली की पुरे.

औषध म्हणजे मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. मळमळते, तोंडाला धातूसारखी चव येते, म्हणून जेवणानंतर घ्यायची. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून गोळ्या सोडू नयेत. पोटातून सोसत नसेल तर आत लावायचं मेट्रोनिडाझोलचं जेल किंवा क्लिंडामायसिनचं मलम असतं. या मलमात तेल असतं, त्याने लॅटेक्सचा कंडोम फाटू शकतो, हे पाकिटावर बारीक अक्षरांत असतं आणि कुणी वाचत नाही. हा त्रास पुन्हा पुन्हा उलटतो. जोडीदाराला औषध देऊन उपयोग नाही असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीने ते मत बदलायला लावलं. एकाच पुरुष जोडीदाराबरोबर असलेल्या जोडप्यांत त्यालाही सात दिवस गोळी आणि लावायचं मलम दिल्यावर बारा आठवड्यांत त्रास उलटण्याचं प्रमाण साधारण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. वारंवार होत असेल तर हा विषय डॉक्टरांकडे जरूर काढा.

बुरशीचं चित्र वेगळं. कँडिडा ही बुरशी आम्लातही मजेत वाढते, त्यामुळे पीएच नेहमीसारखाच राहतो आणि वासही येत नाही. येते ती खाज. रात्री झोप उडवणारी. बाहेरची त्वचा लाल, सुजलेली, कधी चिरा पडलेली, आणि लघवी त्यावरून गेली की झोंबते. ही जळजळ बाहेर असते. लघवीच्या मार्गात आत, लघवी होताना जळत असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग आधी आठवावा. स्राव फाटलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखा, पण नेहमीच नाही. कितीकदा खाज जबर आणि स्राव जेमतेम. नुकतंच झालेलं अँटिबायोटिक, गरोदरपण, स्टिरॉइड आणि आटोक्यात नसलेला मधुमेह ही नेहमीची निमित्तं. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. वर्षात तीनदा किंवा जास्त वेळा झालं तर नुसती बुरशी मारत बसू नये, रक्तातली साखर तपासून घ्यावी आणि स्रावाचं कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून, तिची जात बघावी. काही जाती नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत.

इलाज सोपा आहे. क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, किंवा १०० मिलिग्रॅमची सहा-सात रात्री, किंवा फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची पोटात घ्यायची एक गोळी. गरोदर असाल तर फ्लुकोनाझोल नको, आत ठेवायच्या गोळ्या सात रात्री. जोडीदाराला काही त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही.

आत ठेवायची गोळी वाया जाते ती बहुधा ठेवण्याच्या पद्धतीमुळे. झोपायच्या अगदी आधी ठेवायची, ठेवून स्वयंपाकघर आवरायला जायचं नाही. हात धुवा, उताणं झोपा, गुडघे दुमडून पाय थोडे फाकवा. गोळीवर पाण्याचा एखादा थेंब घ्या, कोरडी गोळी विरघळत नाही आणि टोचते. बोटाने, कंबरेच्या मागच्या दिशेने, बोट पोहोचेल तितकी आत सरकवा. तोंडाशीच ठेवली तर ती रात्रीतून बाहेर येते. सोबत आलेली नळी गरोदर बाईने वापरू नये, बोट पुरेसं आहे. सकाळी पांढरा चुरा बाहेर येतो. ते औषधाचं उरलेलं असतं, रोग वाढलेला नसतो. पॅड लावा, टॅम्पॉन (आत ठेवायचा कापसाचा बोळा) नको, तो औषध शोषून घेतो. पाळी दोन दिवसांवर आली असेल तर एका गोळीचा डोस पाळीनंतर घेतलेला बरा.

खाजेवर हाताला लागेल ते स्टिरॉइडमिश्रित मलम लावण्याची सवय फार वाईट. पहिल्या दिवशी खाज जाते म्हणून विश्वास बसतो. महिनाभर लावलं की त्वचा पातळ होते, जळते, आणि बुरशी मलमाखाली पसरत राहते.

तिसरा प्रकार ट्रायकोमोनास. हा जिवाणूही नाही, बुरशीही नाही. तो एकपेशीय परजीवी आहे, शेपट्या हलवत पळणारा. पॅरिसमध्ये आल्फ्रेड डॉने यांनी तो १८३६ साली पाहिला. स्राव पिवळट-हिरवा, फेसाळ, वास घाण, आग आणि खाज दोन्ही. पण अनेकींना काहीच जाणवत नाही. तो शरीरसंबंधातून येतो, त्यामुळे इथे जोडीदाराचा इलाज झालाच पाहिजे, त्याला त्रास असो वा नसो. बाईला मेट्रोनिडाझोल ५०० दिवसातून दोनदा सात दिवस, पुरुषाला २ ग्रॅम एकदाच. दोघांचं औषध संपून त्रास पूर्ण जाईपर्यंत संबंध नको. तीन महिन्यांनी बाईची पुन्हा तपासणी करतात. एकटीनेच औषध घेतलं तर ते पुन्हा येणार, हे गृहीत धरा.

गोनोरिया आणि क्लॅमिडिया गर्भपिशवीच्या तोंडाशी बसतात आणि फार बोलत नाहीत. थोडा पिवळा, पुवासारखा स्राव, संबंधानंतर रक्ताचा ठिपका, एवढंच. तिथून वर गर्भनलिकांत गेले तर ओटीपोटात दुखतं, ताप येतो, आणि नंतर मूल राहायला अडचण होते किंवा गर्भ नलिकेत राहतो. स्वॅब घेऊन जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी हाच यांचा भरवशाचा माग.

'तोंडाला जखम आहे'

अंगावरून जातंय म्हणून तपासायला गेलेल्या कितीतरी जणींना 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे' असं ऐकायला मिळतं, आणि ऐकणारीला पुढे कर्करोगच दिसतो. बहुतेक वेळा तिथे जखम नसते. पिशवीच्या तोंडाच्या आतलं लालसर, नाजूक अस्तर थोडं बाहेरच्या बाजूला आलेलं असतं, त्याला एक्ट्रोपिअन म्हणतात. तरुण वयात, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांवर ते सर्रास दिसतं. त्याच्या ग्रंथींमुळे चिकट स्राव जास्त येतो, कधी संबंधानंतर थोडं रक्त. रक्त येत असेल तर पॅप (तिथल्या पेशींची) किंवा एचपीव्ही (तिथे कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची) तपासणी करून घ्यायची. ती नीट आली आणि त्रास नसेल तर त्याला हात लावायची गरज नसते.

पांढरं जातं म्हणून पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका. योनिमार्गाच्या भिंतींचा स्राव पिशवी काढल्यावरही चालूच राहतो, बुरशीही तिथेच होते. त्यात बीजकोशही काढले तर तरुण वयात इस्ट्रोजेन तुटतं, आणि एक तक्रार घालवायला जाऊन कोरडेपणा, गरम वाफा, हाडांची झीज अशा चार गळ्यात पडतात.

कर्करोगाची शंका घ्यायची ती इथे: पाणीदार, रक्ताळलेला, कुजका वास असलेला स्राव, संबंधानंतर वारंवार रक्त, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक ठिपका जरी दिसला तरी. तिथे बहुतेकदा कारण साधंच निघतं. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर अस्तर पातळ पडतं, आम्लही घटतं, पिवळट स्राव आणि आग होते, जराशाने रक्त येतं. पण हे तपासल्यावर म्हणायचं, आधी नाही. काही त्रास नसला तरी तिशीपासून एचपीव्ही तपासणी दर ५ ते १० वर्षांनी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

दाखवायला जाताना

घाण वास अचानक आला आणि कारण सुचत नसेल तर आठवून बघा: टॅम्पॉन, कंडोमचा तुकडा आत राहिला आहे का? विसरलेल्या टॅम्पॉनबरोबर जोराचा ताप, उलट्या, अंगावर पुरळ आलं तर रात्र असली तरी निघायचं. ओटीपोटातलं दुखणं आणि ताप असेल तरीही उद्यावर ढकलू नये.

इतर वेळी घाई नसते, आणि मग तयारी करून जाता येतं. आदल्या दोन दिवसांत आत काही औषध ठेवू नका, संबंध टाळा, आतून धुऊ नका. डॉक्टरांपुढे स्वच्छ जायचं म्हणून धुऊन गेलात तर तपासायला उरतं काय? पाळीचे दिवसही टाळा, रक्ताने पीएच चुकीचा येतो. शेवटच्या पाळीची तारीख, त्रास कधीपासून, वास-खाज-दुखणं यांपैकी काय, गेल्या महिन्यात कोणती औषधं घेतली, हे लिहून न्या. डॉक्टर स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा धरणारं उपकरण) घालून योनिमार्गाच्या बाजूच्या भिंतीवरचा स्राव पीएचच्या कागदावर घेतात. पिशवीच्या तोंडाचा चिकट स्राव आम्लधर्मी नसतो, तो कागदावर आला की आकडा फसवतो. उरलेला थेंब काचपट्टीवर सलाइनमध्ये घालून लगेच बघावा लागतो, कारण ट्रायकोमोनास थंड पडला की हलायचा थांबतो आणि मग आसपासच्या पांढऱ्या रक्तपेशींतून तो वेगळा ओळखू येत नाही.